घरगुती विज्ञान : दहा दिव्यांची पट्टी

गच्चीवरील टाकींत पाणी किती उरलें आहे हें स्वयंपाकघरांत बसल्या जागीं कळावें, म्हणून मायक्रोकंट्रोलरला एल्‌ईडी दिव्यांची पट्टी जोडण्याची हौस कित्येक घरांतील मुलांस असते. हौस स्तुत्य खरी. परंतु पंप केव्हां चालू करावयाचा हें त्या पट्टीवरूनच ठरावयाचें असल्यामुळें ती खरें सांगते कीं नाहीं, हें पाहणें अवश्य आहे. एका ठिकाणीं ती हटकून फसविते, इकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

या कामीं आर्डुइनो उनो व एल्‌एम् ३९१४ नांवाची चिप यांची जोडी सोयीची पडते. ही चिप तिजकडे आलेला विद्युद्दाब दहा समान पायऱ्यांशीं ताडून पाहते आणि तितके दिवे लावते. आर्डुइनोच्या ९ व्या पिनेंतून मात्र मधला दाब कधीं बाहेर पडतच नाहीं. प्रोग्रॅममध्यें आपण ० ते २५५ पैकीं १२७ हा आंकडा लिहिला, तर तेथें अडीच व्होल्ट येत नसून, पांच व्होल्ट व शून्य यांची सेकंदास सुमारें ४९० वेळां उघडझांप चालते. चिप चपळ, ती प्रत्येक वेळीं इमानानें दहाही दिवे लावते आणि मालविते. डोळ्यांस ती झांप कळत नाहीं, दिव्यांची ओळ मंद तेवढी दिसते. टाकींत दशांश पाणी उरलें तरी दिवे दहाच! मग घरची मंडळी निश्चिंत, आणि सकाळीं स्नानाच्या वेळीं नळ कोरडा.

उपाय अल्पखर्चाचा आहे. त्या पिनेस २७ किलोओहमचा रेझिस्टर जोडावा, त्याच्या पुढील टोंकापासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा दुसरा, व या दुसऱ्यास समांतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा. दोहोंचा सांधा चिपच्या ५ व्या पिनेस न्यावा. उघडझांपेचे धक्के कपॅसिटर गिळून टाकतो. दाबांतील उरलासुरला चढउतार एकशतांश व्होल्टहूनहि कमी राहतो, आणि चिपची एक पायरी तर सुमारें अष्टमांश व्होल्टची असते.

हिशेबी वाचक येथें ३० किलोओहम सुचवितील. पण चिपचा स्वतःचा प्रमाण-दाब १.२ ते १.३४ व्होल्ट असा नगागणिक बदलतो. ३० घेतल्यास वरचा दाब १.२५ वरच थांबून कांहीं चिपांत दहावा दिवा कधींच लागणार नाहीं.

बाकीची जोडणी थोडकी आहे : ६ व ७ या पिना एकत्र करून १.२ किलोओहमनें ग्राउंडला, २, ४ व ८ थेट ग्राउंडला, ३ व ९ पांच व्होल्टांस. दिव्यांचा प्रवाह चिपच आवरते, त्यांस निराळे रेझिस्टर नकोत.

पट्टी भिंतीवर बसविण्यापूर्वीं १२७ हा आंकडा देऊन पाहावा. पांच दिवे स्वच्छ लागावेत. दहाही मंद दिसले, तर कपॅसिटरची तार सुटली आहे असें समजावें.