शस्त्र हाती नसलेल्यांचे स्मरण

युद्धाचा इतिहास आपण सेनापतींच्या नावांनी पाठ करतो. त्यात नागरिक कुठे असतो? ९-१० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकन विमानांनी टोकियोच्या दाट लाकडी वस्त्यांवर आगीचे बाँब टाकले. सुमारे १ लाख माणसे मेली. पुढे जपान सरकारने सैनिकांना व त्यांच्या वारसांना निवृत्तिवेतन दिले. या आगीत होरपळलेल्या नागरिकांना मात्र भरपाई नाकारली. न्यायालयांनीही त्यांचे दावे फेटाळले. अखेर लोकांनीच आठवणी गोळा केल्या आणि २००२ साली लोकवर्गणीतून टोकियोत संग्रहालय उभारले. सैनिकाचा सन्मान व्हावाच. पण निःशस्त्र माणसाचे दुःख कमी प्रतीचे कसे? त्या रात्रीची मुले आज ऐंशीच्या घरात वा त्यापुढे आहेत. ती सांगत आहेत तोवर ऐकणे, हेही इतिहासाचे अध्ययनच आहे.