हाडांची गोळी चहाबरोबर नको



या सदरात आपण नेहमी खताचे, बियाण्याचे, फवारणीचे बोलतो. आजही औषधाचेच बोलायचे आहे, पण पिकाच्या नव्हे, माणसाच्या. मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. तरी लिहितो, कारण माझ्या घरी जे घडले ते तुमच्याही घरी घडू शकते.

ठिबकवर द्राक्ष-डाळिंब करणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० ही दोन्ही खते चांगली. पण ती एकाच टाकीत कालवली की पाणी दुधाळ होते, तळाशी पांढरा साका बसतो आणि ड्रीपर चोंदतात. चुना आणि स्फुरद एकमेकांना धरून बसतात. पिकाच्या वाट्याला धड काहीच येत नाही. खत खोटे नसते, मेळ चुकलेला असतो. माझ्या आक्काच्या पोटात दीड वर्ष असेच काहीसे चालले होते.

आक्का माझी थोरली बहीण, वय ६८. तिला सांध्यांचा आमवात. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू केली. सूज उतरली, आक्का पुन्हा भाकरी थापू लागली. या गोळीने हाडे ठिसूळ होतात म्हणून जोडीला आठवड्यातून एकदा ॲलेन्ड्रोनेट आणि रोज कॅल्शियम दिले. एवढे असूनही गेल्या वर्षी पाण्याची कळशी उचलताना तिच्या पाठीत कळ आली आणि ती खालीच बसली. फोटो काढला तर मणका दबलेला.

डॉक्टरांनी विचारले, "मावशी, गोळ्या कशा घेता?"

आक्का म्हणाली, "घेते की. विसरायला नको म्हणून सकाळच्या चहाबरोबर सगळ्या एकदमच. मग जरा आडवी होते. छातीत जळजळतं फार."

डॉक्टर गप्प झाले. मीही. जगाला टाकी वेगळी ठेवा म्हणून सांगत फिरणारा मी, बहिणीला कधी विचारले नव्हते.

आता यातले मर्म समजून घ्या. हाड म्हणजे दगड नव्हे. घराच्या भिंतीसारखी त्याची रोज डागडुजी चालते. काही पेशी जुने काढतात, काही गवंड्यासारखे नवे बांधतात. स्टेरॉइड बरेच दिवस पोटात गेले की हे गवंडी कमी पडतात, अन्नातला चुना आतड्यात कमी शोषला जातो आणि लघवीवाटे जास्त जातो. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते. ॲलेन्ड्रोनेट काढणाऱ्यांचा हात आवरते. म्हणजे या दोन गोळ्यांचे वैर नाही. एकीपासून हाडे राखायला दुसरी दिलेली असते. पण दोघींच्या वेळा वेगळ्या.

ॲलेन्ड्रोनेट उपाशीपोटी घेतले तरी शंभरातला एक भागही अंगी लागत नाही. दूध, चहा किंवा कॅल्शियमबरोबर घेतले तर जवळजवळ सारेच वाया. आणि गोळी घेऊन आडवे झाले की ती अन्ननलिकेत रेंगाळते, तिथे जखम करते.

म्हणून असे करा. आठवड्याची गोळी असेल तर आठवडी बाजाराचा दिवस धरा, म्हणजे विसर पडत नाही. सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती अख्खी गिळा, चघळू नका. मग निदान अर्धा तास बसून, उभे राहून किंवा चालत काढा. त्यानंतरच चहा आणि न्याहारी. स्टेरॉइडची गोळी न्याहारीनंतर, भरल्या पोटी. कॅल्शियम त्याहून उशिरा, जेवणाबरोबर घेतले तर उत्तम. लोहाच्या आणि आम्लपित्ताच्या गोळ्याही त्या अर्ध्या तासात नकोत.

गिळायला त्रास होत असेल, अर्धा तास ताठ बसवत नसेल, किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्यांच्याकडे दुसरे उपाय असतात. छातीत जळजळ किंवा गिळताना दुखू लागले तर ती गोळी थांबवून त्यांना गाठा. अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका. स्टेरॉइडच्या जोडीने ती पोटात व्रण करू शकते. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरांना या दोन्ही गोळ्यांची नावे दाखवा. मांडीत किंवा जांघेत नवे दुखणे सुरू झाले तर तेही अंगावर काढू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे वाचून कोणी स्टेरॉइड एकदम बंद करू नका. काही आठवडे ही गोळी घेतली की शरीर स्वतःचे तसले द्रव्य बनवणे कमी करते. अचानक बंद केल्यास उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, जिवावर बेतू शकते. ती डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

बाजारात सांधेदुखीवर नाव नसलेल्या पुड्या मिळतात. एका दिवसात गुण आला की आपण खूश होतो. त्यात स्टेरॉइड असू शकते. अशी पुडी महिनोन् महिने चालू असेल तर ती घेऊन दवाखान्यात जा आणि न लाजता दाखवा. तीन महिने किंवा जास्त स्टेरॉइड चालणार असेल तर विचारा, "माझ्या हाडांचे काय?"

आक्काचा मणका पूर्वीसारखा होणार नाही. पण आता बाजाराच्या दिवशी सकाळी ती गोळी घेऊन ओसरीवर भिंतीला टेकून ताठ बसते. नातू घड्याळ बघतो आणि अर्धा तास झाला की चहा आणतो. छातीतली जळजळ गेली आहे.

आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. गोळ्यांचा डबा उघडा आणि कोणती कधी घेता, एवढे विचारा. मी ते दीड वर्ष उशिरा विचारले.