पदवी आणि पारख

२०२३ साली पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत उतरविण्यात आली, तेव्हा बराच गिल्ला झाला. मात्र सर्वांचे लक्ष आत येणाऱ्यांकडे होते. रुग्णाची गाठ पडते ती शिकून बाहेर पडणाऱ्याशी; त्याची पारख कशी होते?

तीन वर्षांअखेर प्रबंध, लेखी पत्रिका, मोजक्या रुग्णांवरील प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा, एवढ्यावर एम.डी. वा एम.एस. ही पदवी पदरात पडते. यातून ज्ञान कळते. हात आणि निर्णय क्वचितच कळतात. नेकनूरच्या बाळंतिणीस मध्यरात्री रक्तस्राव सुरू झाला, तर एकीकडे बीडचे जिल्हा रुग्णालय, दुसरीकडे अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय. तिला कोठे व केव्हा हलवावयाचे आणि तत्पूर्वी काय करावयाचे, हे अचूक ठरविणे हीच विशेषज्ञाची खरी कसोटी होय.

जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करण्याची, २०२० साली अधिसूचित झालेली योजना ही कसोटी घेण्याची आयती संधी आहे. ते काम समाधानकारक ठरल्याविना अंतिम परीक्षेस बसता येत नाही. परंतु ‘समाधानकारक’ म्हणजे केवळ हजेरी, असा अर्थ होता कामा नये. जिल्ह्यातील वरिष्ठांनी उमेदवाराचे काम वारंवार पाहावे, उणिवा नोंदवाव्यात आणि त्या नोंदींस निकालात गुण असावेत. यात वशिला शिरेल, असा आक्षेप येईल. तो तोंडी परीक्षेतही शिरू शकतो. अनेकांनी अनेकदा पाहिलेले काम झाकणे मात्र कठीण. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने या सुधारणेसाठी पुढाकार घ्यावा.