पोटभाडेकरू

सर्व्हर पडला की लोक सर्व्हरलाच शिव्या घालतात. हा शुद्ध अन्याय आहे. वेब-सर्व्हर राखण्याच्या नोकरीत मी जेवढे अपाची कोसळताना पाहिले, त्यांतले बहुतेक स्वतःच्या दुखण्याने गेलेच नाहीत. घरात घेतलेल्या पोटभाडेकरूने त्यांचा घास घेतला.

अपाचीचं घर १९९५ सालचं, पायाने पक्कं. पण स्वभाव चाळीतला. बाहेरच्या कोणी लिहिलेलं मॉड्यूल दारात आलं की ‘या, बसा’ म्हणून थेट स्वयंपाकघरात! मध्ये भिंत नाही. सर्व्हरची मेमरी तीच त्याची मेमरी. त्याने भलत्या फडताळात हात घातला की यजमानासकट खलास. लॉगमध्ये एकच ओळ: सेगमेंटेशन फॉल्ट, सिग्नल ११. मृत्यूचा दाखला मिळतो, खुन्याचं नाव नाही.

आणि साहेबलोकांचा उपाय काय? ‘रीस्टार्ट मारा!’ एका ठिकाणी रोज रात्री ३ वाजता सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होई, आणि त्याला ‘मेंटेनन्स’ म्हणत. त्यात अपाचीची मूळ प्रोसेस भारी सोशिक. एक पोर गेलं की निमूट दुसरं जन्माला घालते, म्हणून साइट चालू दिसते. पण गेलेल्या पोराच्या हातात कोणा मुलीचा परीक्षेचा अर्ज होता, शेवटच्या तारखेचा, त्याचं काय? तिच्यासमोर पांढरं पान, आणि अ‍ॅक्सेस-लॉगात ती आल्याची नोंदही नाही, कारण ती नोंद काम उरकल्यावर होते. वर साहेब तिलाच सांगणार, ‘तुमचं नेट स्लो असेल.’

अहो, शोधायचं साधन घरातच आहे! मॉड-लॉग-फोरेन्सिक हे अपाचीचंच मॉड्यूल. विनंती आली की अधिकची खूण मांडतं, पुरी झाली की उण्याची. ज्या अधिकाला उणे नाही, तिथे प्रेत. मग मरतेवेळची मेमरी साठवलेली कोअर फाइल जीडीबीत उघडली की शेवटच्या श्वासाला जवळ कोण होतं ते कळतं. (तेवढ्यावर फाशी देऊ नये. एकजण मेमरी नासवून जातो, पाय दुसऱ्याचा घसरतो.) नाहीतर परक्या मॉड्यूलांपैकी निम्म्यांच्या ओळींपुढे हॅश टाका. १६ असली आणि चोर एकच असला, तर ४ खेपांत सापडतो.

मॉड्यूल विकणारा मात्र फोनवर म्हणतो, ‘आमचं सोडून बाकीची बंद करून बघा.’ सोळाही जण हेच म्हणतात. सोर्स दाखवा म्हटलं तर ते गुपित! राहायचं आमच्या घरात, हात आमच्या फडताळात, आणि ट्रंकेला कुलूप स्वतःचं. अशाची ओळ मी तरी सरळ खोडतो, साहेबांना त्याचं कितीही कौतुक असो.