नेमो पुन्हा शंभर हातांनी

प्रसिद्ध गोष्ट घ्यायची, पाच-पन्नास कॉमिक्स-चित्रकारांत ती वाटायची आणि जे तयार होईल ते गॅलरीत टांगायचं, या प्रकाराला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांचे आक्षेप ठरलेले असतात. स्वतःला काही सुचत नाही म्हणून ही मंडळी दुसऱ्याच्या गोष्टीवर जगतात. कॉमिक्स हातात धरून वाचायचं असतं, भिंतीवर नेलं की ते मरतं. आणि इतक्या जणांचं काम एकत्र आलं की कलेपेक्षा आठवणींचाच बाजार होतो. यातले पहिले दोन आक्षेप साफ चुकीचे आहेत. तिसरा अर्धा खरा आहे, म्हणून त्याच्याकडे शेवटी येतो.

हवेत वाद घालण्यापेक्षा एक उदाहरण समोर ठेवू. विन्सर मके या अमेरिकन चित्रकाराने १५ ऑक्टोबर १९०५ पासून ‘न्यूयॉर्क हेरल्ड’च्या रविवारच्या अंकात ‘लिटल नेमो इन स्लम्बरलँड’ ही मालिका सुरू केली. आठवड्याला एक अख्खं रंगीत पान. नेमो नावाचा मुलगा झोपतो, स्वप्नाच्या राज्यात भटकतो आणि शेवटच्या चौकटीत जागा होतो, पुष्कळदा पलंगावरून खाली पडून. २०१४ साली फिलाडेल्फियाच्या लोकस्ट मून प्रेसने शंभराहून अधिक चित्रकारांना याच नेमोसाठी नवी स्वप्नं रचायला सांगितलं. पॉल पोप, पी. क्रेग रसेल, युको शिमिझू, बिल सिन्केविच अशी एकमेकांशी अजिबात न जुळणारी माणसं त्यात होती. ‘लिटल नेमो: ड्रीम अनदर ड्रीम’ हे पुस्तक १६ बाय २१ इंचांचं निघालं, म्हणजे जवळपास त्या काळच्या वर्तमानपत्राच्या पानाएवढं. २०१५ मध्ये त्याला संकलनासाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सोसायटी ऑफ इलस्ट्रेटर्समध्ये या कामाचं प्रदर्शन भरलं.

आता पहिला आक्षेप, उसनवारीचा. स्वप्न आणि शेवटी जाग हा साचा मकेने स्वतःच आधी ‘ड्रीम ऑफ द रेअरबिट फीन्ड’ या मालिकेत मोठ्यांसाठी वापरला होता. मुलांसाठी त्याने तोच फिरवून घेतला. पुढे मुलांची चित्रपुस्तकं करणाऱ्या मॉरिस सेंडॅकने १९७० च्या ‘इन द नाइट किचन’मध्ये मकेचं ऋण उघडपणे मान्य केलं. त्याच सेंडॅकच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’वर कोरी गॉडबी या चित्रकाराने इतरांना सोबत घेऊन ‘टेरिबल यलो आइज’ हा उपक्रम केला आणि २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गॅलरी न्यूक्लियसमध्ये त्यातली चित्रं मांडली. ज्याने एकाकडून घेतलं, त्याच्याकडून पुढच्यांनी घेतलं. यात चोरी कुठे आली? आपल्याकडे तर हे कुणाला समजावून सांगण्याचीही गरज पडू नये. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग चितारलेली पानं एकामागून एक श्रोत्यांसमोर धरून कथा गातात. सीताहरण कसं होणार, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. लोक बसतात ते हा चित्रकथी रावण कसा उभा करतो ते पाहायला. गोष्ट आधीच माहीत असली की नजर सांगण्याच्या तऱ्हेवर जाते. नवी गोष्ट वाचताना नजर पुढे काय होणार याकडेच धावत असते.

दुसरा आक्षेप भिंतीचा. तीनशे पानांची कादंबरी भिंतीवर टांगून वाचता येत नाही, हे कबूल. पण मकेचं पान मुळातच एकदम पाहण्यासाठी बांधलेलं असे. २६ जुलै १९०८ चं चालत्या पलंगाचं पान घ्या. पलंगाचे पाय लांब होऊ लागतात आणि त्यांच्याबरोबर चौकटीही उंच होत जातात. पलंग खोलीबाहेर पडतो, घरांच्या छपरांवरून ढांगा टाकत निघतो, शेवटी चर्चच्या कळसाला अडखळतो आणि नेमो आपटतो. हे पान जवळ जाऊन चौकट-चौकट वाचायचं असतं आणि मग चार पावलं मागे सरून अख्खं पाहायचंही असतं. फोनच्या पडद्यावर दुसरी गोष्ट होतच नाही, आणि लहान आकाराच्या पुस्तकातही ती अर्धीमुर्धीच साधते. भिंतीवर ती सहज होते. शिवाय मूळ आरेखन समोर असलं की छपाईत गडप होणाऱ्या गोष्टी दिसतात: पुसलेली पेन्सिल, चूक झाकायला लावलेला पांढरा रंग, शाईचा सुटलेला फराटा. हात कुठे अडला आणि कुठे मोकळा झाला, ते कळतं. शिकणाऱ्या पोरापोरींसाठी यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

आणि एकट्याच्या प्रदर्शनात जे घडू शकत नाही ते इथे घडतं. साऱ्यांसमोर ठेवलेली शेवटची चौकट एकच: मुलगा जागा होतो. अट एक असल्यामुळे प्रत्येकाचा फरक उघडा पडतो. कुणी पानाची रचना मकेकडून घेतलेली असते, कुणी फक्त भीती घेतलेली असते, कुणी ती जागच नाकारतो. शेजारी-शेजारी पाहिलं की ही चित्रं एकमेकांशी आणि मूळ पानाशी वाद घालताना दिसतात. समीक्षक जे परिच्छेदांत मांडतो ते हे लोक रेषेत मांडतात. मला ती समीक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण ती करणाऱ्याला स्वतःचं पान उभं करून दाखवावं लागतं.

आता तिसरा आक्षेप. होय, लोकप्रिय पात्रांचे मुखवटे थोड्या वेगळ्या रंगांत काढून प्रिंट विकणारी प्रदर्शनं आहेत, आणि ती कंटाळवाणी आहेत. तिथे मूळ कृतीला कुणी एकही प्रश्न विचारलेला नसतो. आवडतं पात्र दिसलं की प्रेक्षक खूश, एवढ्यावर सगळा कारभार. अशा प्रदर्शनांची बाजू मी घेणार नाही.

पण त्यावरून ‘अभिजात कृतीला हात लावू नका’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, इम्पचं काय करायचं? नेमोच्या सोबत्यांत इम्प नावाचं एक पात्र आहे. जाड ओठ, गवताचा घागरा, तोंडी अगम्य बडबड. आफ्रिकी माणसाची ही हिणवणारी प्रतिमा त्या काळच्या अमेरिकेत सर्रास चालत असे. जगातल्या सर्वांत देखण्या कॉमिक्स-पानांवर ती बसलेली आहे. ती खरवडून काढली तर इतिहास खोटा ठरतो. आणि गप्प राहून पान नुसतंच पुन्हा छापलं तर तो अपमानही पुन्हा छापला जातो. आज नेमो काढायला बसणाऱ्याला मात्र गप्प राहता येत नाही. इम्पला घ्यायचं की वगळायचं, घेतलं तर त्याला चेहरा कुठला द्यायचा, वाचा द्यायची की नाही, हे त्याला कागदावर ठरवावं लागतं. वगळलं तरी तो निर्णय त्याच्या पानावर दिसतोच.

म्हणून अशी प्रदर्शनं भरवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे, आणि तिच्यात सूट नको. नव्या चित्रांच्या मधोमध मूळ पान लावा, पूर्ण आकारात, तारखेसह. इम्प असलेलंही लावा.