शेवटच्या गुड्यापर्यंतचा तंतू

महानगरांतील मध्यमवर्गीय घरांत सध्या एका नव्या खरेदीची चर्चा असते. सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाची इंटरनेट जोडणी आता जुनी वाटू लागली असून एक गिगाबिट आणि त्याहूनही वेगवान योजना उपलब्ध होत आहेत. योजना बदलली की राऊटर बदलावा लागतो, केबल बदलावी लागते आणि गृहस्थाच्या खिशाला हजारोंची चाट बसते. या खरेदीला विरोध करण्याचे कारण नाही. ती डोळसपणे व्हावी, एवढेच.

कालवा कितीही रुंद असला तरी शेतात पाणी येते ते चारीच्या तोंडाइतकेच. इंटरनेटचेही तसेच आहे. जुन्या राऊटरचे पोर्ट शंभर मेगाबिटचे असेल, तर दोन गिगाबिटचे पैसे भरूनही हाती शंभरच येणार. एक गिगाबिटपुढे जायचे तर अडीच गिगाबिटचे पोर्ट राऊटरला हवे, तसेच संगणकालाही हवे. भिंतीतील केबल मात्र सहसा उखडावी लागत नाही. ‘कॅट ५-ई’ प्रतीची धड केबल शंभर मीटरपर्यंत अडीच गिगाबिटचा भार वाहू शकते. शिवाय अतिउच्च दर्जाचा ‘फोर-के’ चित्रपट पाहण्यास पंचवीसेक मेगाबिट पुरतात. तेव्हा आधी गरज तपासावी, मग पोर्ट, मग केबल आणि सर्वांत शेवटी जाहिरात!

परंतु अरुंद चारीचा हा नियम एका घरापुरता नाही. राष्ट्राच्या जाळ्यालाही तो लागू आहे. आणि राष्ट्राच्या जाळ्याची चारी कोठे अरुंद होते, हे पाहायचे असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातील जिवतीकडे पाहावे.

गडचांदूरहून घाट चढून गेले की माणिकगडच्या डोंगररांगांत हा तालुका पसरला आहे. गोंड आणि कोलाम हे येथील मूळचे वनवासी समाज. त्यांच्या जोडीला मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची अतिअसुरक्षित म्हणून शासनदरबारी नोंद आहे, त्यांत कोलाम एक. दोन राज्यांच्या शाळा आणि दोन राज्यांच्या शिधापत्रिका असलेली सीमेवरील गावेही याच तालुक्यात. येथे प्रश्न अडीच गिगाबिटचा नाही. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटेपर्यंत रेंज टिकेल काय, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरला जाईल काय, हा आहे. शहरात वेग हा सोयीचा विषय असतो. डोंगरावर तो हक्काचा विषय होतो.

शासनाने काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिलाच ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. तिच्या मुदती अनेकदा लांबल्या, हेही तितकेच खरे. पहिल्या टप्प्यातील रचना प्रामुख्याने सरळ रेषेतली होती. वाटेत एक तंतू तुटला की पुढची गावे मुकी. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत ही चूक दुरुस्त करण्याचे योजले आहे. आता रचना वर्तुळाकार असेल, म्हणजे एका बाजूने तंतू तुटला तरी दुसऱ्या बाजूने संपर्क राहील. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे राष्ट्रार्पण झाले. मनोऱ्यांमागील तंत्रज्ञान आपल्या अभियंत्यांचे आहे, ही स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांना अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

मात्र सुधारित योजनेतील एक तरतूद आपण लक्षपूर्वक वाचली पाहिजे. ग्रामपंचायतीच्या गावाबाहेरील इतर गावांना जोडणी मिळणार आहे ती मागणीनुसार. मागणी करणार कोण? ज्याला वेगाची चव ठाऊक आहे, तो मागेल. डोंगरापलीकडच्या कोलामगुड्यातील माणसाला अशी तरतूद आहे हेच कोणी सांगितले नाही, तर त्याची मागणी कागदावर उमटणार नाही. आणि कागदावर नसलेल्या गावाला गरजच नव्हती, असा निष्कर्ष निघेल. सीमेवरील गावांची मागणी कोणत्या राज्याने मांडायची, यावर घोळ घालत बसण्याइतका वेळही आपल्यापाशी नाही.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मांडलेल्या अंत्योदयाच्या विचारात पंक्तीतील अखेरचा माणूस प्रथम मोजला जातो. तेथे त्याच्या मागणीची वाट पाहिली जात नाही, त्याच्यापर्यंत जाऊन त्याची गरज ओळखली जाते. हे काम एकट्या शासनाचे नव्हे. वनवासी क्षेत्रात वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत हा विषय आणावा, ठराव लिहून घ्यावा, त्याचा पाठपुरावा करावा. ग्रामपंचायतीत बसवलेले यंत्र चालू आहे की वीज गेल्याबरोबर निजते आहे, याचीही विचारपूस करावी.

आपल्या दिवाणखान्यातील राऊटर अवश्य बदलावा. पण राष्ट्राचा वेग दिवाणखान्यात मोजला जात नाही. तो मोजला जातो जिवतीच्या शेवटच्या गुड्यात, आणि तो आकडा वाढवणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.