सातमासी, हुशार... पण लक्ष कुठंय?

‘लक्ष कुठंय तुझं?’ आपल्या शाळांमध्ये राष्ट्रगीताच्या खालोखाल ऐकू येणारं वाक्य हेच असावं. गंमत म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. पण जगात काही मंडळी हा प्रश्न सीरियसली घेऊन बसलीयत. टीनएजर्सच्या डोक्यावर इलेक्ट्रोड्स चिकटवून, मेंदूतल्या लहरी मोजून ती उत्तर शोधतायत. त्यातही एका खास गटाचं. जी मुलं आईच्या पोटातला मुक्काम पूर्ण न करताच बाहेर आली, त्यांचं.

म्हणजे प्रीमॅच्युअर. आजीच्या भाषेत सातमासी. डॉक्टरांचा हिशेब महिन्यांत नाही, आठवड्यांत चालतो. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्म झाला की प्रीटर्म, ३२ च्या आत व्हेरी प्रीटर्म आणि २८ च्या आत एक्स्ट्रीमली प्रीटर्म. २०२० या एका वर्षात जगात साधारण १ कोटी ३४ लाख बाळं अशी घाईत आली. त्यातली सुमारे ३० लाख भारतातली. नको त्या यादीत आपण नंबर वन! (आजीचा आणखी एक फंडा तुम्हीही ऐकला असेल: सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. साफ खोटं आहे. पोटात जितके जास्त आठवडे, तितकं बाळासाठी चांगलं. विषय संपला.)

एनआयसीयूच्या कृपेने यातली कितीतरी मुलं आता वाचतात. त्यांच्या स्टोऱ्या आपण वाचतोही. ओंजळीत मावेल एवढं बाळ, काचेची पेटी, बाहेर बाकावर बसून राहिलेला बाबा आणि मग हॅपी एंडिंग. पण त्यानंतरच्या पंधरा वर्षांची स्टोरी कोणी सांगत नाही. ती मला घरातच दिसली.

माझा मावसभाऊ एकतिसाव्या आठवड्यात जन्मला. वजन १ किलो ४०० ग्रॅम. आज ताडमाड उंच, दहावीत, ओठांवर मिसरूड, कानात इअरफोन. पोरगा मस्त आहे. क्रिकेटचे स्कोअर तोंडपाठ. पण तीन कामं सांगितली तर पहिलं होतं, दुसरं अर्धं राहतं आणि तिसरं त्याने ऐकलेलंच नसतं. गणिताच्या पेपरात रीत बरोबर, पण शेवटचे दोन प्रश्न कोरे. शाळेत बाईंची तक्रार काय, तर ‘मुलगा सभ्य आहे हो, पण वर्गात नसतो.’ म्हणजे बाकावर असतो, वर्गात नसतो! घरात एकच निदान: आळशी आहे, मोबाइल काढून घ्या. मोबाइल काढून घेतला. काही फरक पडला नाही.

आता थोडं बायॉलॉजी, घाबरू नका. चौतिसाव्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण ६५ टक्के असतं. उरलेली वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. मेंदूला घड्या पडतात, एका भागातून दुसऱ्या भागाकडे वायरिंग जातं. या वायरिंगवर पुढे इन्शुलेशन चढवणाऱ्या पेशी याच काळात तयार होत असतात आणि त्या भयंकर नाजूक असतात. ऑक्सिजन कमी पडला, इन्फेक्शन झालं की पहिला फटका त्यांना. पोटातल्या अंधाराऐवजी बाळाला मिळतात ट्यूबलाइट, मॉनिटरची पीं-पीं आणि सुया. वायरिंग होतं, पण वेगळ्या वाटेने. लक्ष हे काही मेंदूच्या एका कोपऱ्यातलं बटण नाही. लांबलांबच्या भागांनी टायमिंग साधून केलेलं ते टीमवर्क आहे. वायरिंगमधल्या फरकाचा त्रास म्हणूनच तिथे जाणवतो.

हा त्रास बघायचा कसा? लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी १८६ प्रीटर्म टीनएजर्सना तपासलं. सोबत पूर्ण दिवसांची, एडीएचडी असलेली मुलं आणि तसा त्रास नसलेली मुलं. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायकॉलॉजिकल मेडिसिन’मध्ये छापून आला. त्यातली टेस्ट ऐकायला अगदी सोपी. स्क्रीनवर एकामागून एक अक्षरं येतात. ठरलेल्या अक्षरानंतर ठरलेलं अक्षर आलं तरच बटण दाबायचं, नाहीतर हात आवरायचा. दुसरी टेस्ट तर महाबोअर: चार रिकामी वर्तुळं बघत आठ सेकंद थांबायचं आणि एक भरलं की बटण दाबायचं. पुन्हा थांबायचं. पुन्हा दाबायचं. मग तीच टेस्ट फास्ट होते, वर बक्षिसाचं गाजर. हे चालू असताना मुलाच्या डोक्यावर ईईजीच्या तारा असतात.

ईईजीची मजा अशी, की मूल बटण दाबण्याआधीच मेंदू काय करतोय ते मिलिसेकंदांत दिसतं. इशारा मिळाल्यावर मेंदू ‘स्टार्ट, साउंड, ॲक्शन’च्या तयारीत येतो का? चुकीच्या अक्षराला ब्रेक लागतो का? काही बाबतींत प्रीटर्म मुलांचे मेंदू एडीएचडीच्या मुलांसारखेच वागताना दिसले. पण काही अडचणी खास त्यांच्याच होत्या. परिस्थिती बदलली की लक्ष आणि सावधपणा त्या हिशेबाने वरखाली करणं, गिअर बदलणं म्हणा, त्यांना अवघड जात होतं. म्हणजे नुसतं ‘आणखी एक एडीएचडी केस’ असं लेबल लावून भागणार नाही.

आणि माझ्या मते खरी गोची पुढेच आहे. एडीएचडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? बाकावर नाचणारा, बाईंना नको जीव करणारा कार्टा. १९९५ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २६ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा ‘एपिक्युअर’ नावाचा मोठा अभ्यास आहे. अकराव्या वर्षी त्यांच्यातल्या ११.५ टक्के मुलांमध्ये एडीएचडी सापडला. त्यांच्या वर्गमित्रांमध्ये २.९ टक्के. पण या मुलांमध्ये दंगा करणारा प्रकार ठळक नव्हता. ठळक होता लक्ष न टिकणारा, शांत, खिडकीबाहेर बघणारा. शांत मुलाची तक्रार कोण करणार? तो कोणाला त्रास देत नाही, त्यामुळे कोणाला दिसत नाही. दहावीत मार्क घसरले की मगच आठवतो.

(आकडा उलटाही वाचा प्लीज. एवढ्या टोकाच्या लवकर जन्मलेल्या मुलांमध्येही ८८ टक्क्यांहून जास्त मुलांना एडीएचडी नव्हता. छत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या भाचीला उद्यापासून संशयाने बघू नका.)

हे सगळं फॉरेनचं आहे, असं म्हणायचीही सोय नाही. पुण्यात केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या टीमने १९८७ ते ८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा माग थेट अठराव्या वर्षापर्यंत ठेवला. कमी वजन म्हणजे प्रीटर्म असं दर वेळी नसतं, पण त्यात प्रीटर्म मुलं भरपूर होती. चित्र ओळखीचं निघालं. बुद्ध्यांक नॉर्मल, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी. अभ्यासात, विशेषतः गणितात अडचण. आठवड्यांच्या मानानेही ज्यांचं वजन कमी होतं अशी प्रीटर्म मुलं सगळ्यांत मागे. आपल्याच शहरातल्या मुलांचा एवढा जुना, एवढा चिकाटीचा अभ्यास आहे आणि आपल्या शाळांच्या स्टाफरूममध्ये तो किती जणांनी ऐकलाय? ब्रिटनमध्ये २०१९ पासून शिक्षकांसाठी प्रीटर्म मुलांवरचा फुकट ऑनलाइन कोर्स आहे. आपल्याकडे ॲडमिशन फॉर्मवर जन्मतारीख असते, जात असते, ब्लडग्रुपही असतो. किती आठवड्यांत जन्म झाला, हा रकाना मी अजून कुठल्या फॉर्मवर बघितलेला नाही.

मावशी शेवटी त्याला मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांचा पहिलाच प्रश्न: ‘कितव्या आठवड्यात झाला?’ मावशी मला म्हणाली, ‘अगं, शाळा सुरू झाल्यापासून हे मला कोणी विचारलंच नाही गं.’ एनआयसीयूची फाइल तिने कपाटात साड्यांखाली जपून ठेवली होती, आशीर्वादासारखी. ती पहिल्यांदा कामाला आली.

आधी डोळे, कान, झोप तपासून झालं. हे मस्ट आहे, कारण लवकर जन्मलेल्या मुलांत नजरेचे प्रॉब्लेमही असतात. मग लक्षाच्या चाचण्या. औषधाची गरज आहे का, ते डॉक्टर अजून बघतायत. तोवर घरात नियम बदललेत. एका वेळी एकच काम सांगायचं, तेही समोर येऊन. अभ्यास वीस मिनिटांचा, मग ब्रेक. शाळेत पहिला बाक. परीक्षेतल्या जादा वेळेचं प्रकरण मात्र किचकट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये लर्निंग डिसॲबिलिटी आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. म्हणजे आता सर्टिफिकेटसाठी खेपा.

आणि वय वाढलं की हे आपोआप जातं का? जर्मनीत बव्हेरियामध्ये १९८५-८६ साली जन्मलेल्या मुलांचा असाच अभ्यास झाला. त्रास वयाबरोबर कमी होत गेला, पण सव्विसाव्या वर्षीही बरोबरीच्यांपेक्षा जास्तच होता. सव्विसावं वर्ष म्हणजे आपलं वय, बॉस! तेव्हा मीटिंगमध्ये हरवणाऱ्या एखाद्या सभ्य कलीगला पुढच्या वेळी तोंडी सात सूचना देण्याऐवजी एक मेल टाका. आणि तुमचे स्वतःचेच शेवटचे दोन प्रश्न कोरे राहायचे असतील, तर आज घरी फोन करून आईला आठवडे विचारा.